वाचकांचे प्रश्न : सरकारी आरोग्य खाते नेमके कोणाचे?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या इतिहासाविषयी ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे मोठी असल्याने प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : ठाण्याचे सिव्हिल हॉस्पिटल, कळव्याचे मोठे रुग्णालय आणि शहापूर तालुक्यातील आमच्या गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र या तिन्हींना आम्ही ‘सरकारी’च म्हणतो. प्रत्यक्षात तिघांचे कागद वेगळे, साहेब वेगळे. राज्याचे आरोग्य खाते स्थापन केव्हा झाले, आणि त्याचे असे तुकडे कोणी केले? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

प्रथम आजची व्यवस्था पाहू. सारा जिल्हा ज्याला सिव्हिल म्हणून ओळखतो ते विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे असून त्याचा कारभार जिल्हा शल्य चिकित्सकांकडे असतो. ग्रामीण रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालयेही त्यांच्याच अखत्यारीत येतात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि १९९२ मध्ये सुरू झालेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही ठाणे महानगरपालिकेची आहेत. आपल्या गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली आहे. शिवाय मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जावे लागले तर ते वैद्यकीय शिक्षण खात्याचे, आणि कारखान्यातील कामगाराचा विमा असेल तर त्याचे रुग्णालय आणखी निराळ्या योजनेतले.

खात्याला एकच एक स्थापनादिन नाही. त्याची सुरुवात दोन वेगळ्या कामांतून झाली आणि ती दोन कामे शंभराहून अधिक वर्षे समांतर चालत राहिली. पहिले काम उपचाराचे. इंग्रजी अमलात प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन असे. सरकारी नोकर, पोलीस आणि तुरुंगातील कैदी यांची देखभाल, न्यायालयासाठी लागणारे वैद्यकीय दाखले आणि जिल्ह्यातील दवाखान्यांची तपासणी ही त्याची मुख्य कामे होती. या शाखेच्या शिखरावर मुंबई सरकारचा सर्जन जनरल असे. सर्वसामान्य रयतेसाठी दवाखाने निघाले ते पुष्कळसे नगरपालिका, लोकल बोर्ड आणि दानशूर व्यक्तींच्या पैशावर. सरकारी तिजोरीचा वाटा त्यात बराच बेताचा होता. ठाण्याच्या सिव्हिलच्या नावात आजही एका देणगीदाराचे नाव आहे, ते या पद्धतीला धरूनच.

दुसरे काम साथी रोखण्याचे, पाणी आणि घाण यांवर लक्ष ठेवण्याचे आणि जन्ममृत्यूंचा हिशेब ठेवण्याचे. याची सुरुवात रयतेच्या काळजीतून झाली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १८५७ नंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी राजाज्ञेने एक आयोग नेमला गेला. लढाई बाजूला ठेवली तरी दरवर्षी हजारी ६९ सैनिक केवळ आजाराने मरतात, असे त्याच्या १८६३ च्या अहवालाने दाखवून दिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या चौकशीसाठी छावण्याछावण्यांतून माहिती मागवली होती आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्याशी त्यांचा या विषयावर पत्रव्यवहारही होता. त्या अहवालामुळे १८६४ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत सॅनिटरी कमिशन नेमण्यात आले आणि पुढे मुंबई इलाख्यात सॅनिटरी कमिशनर हे पद स्थिर झाले. छावणीतला सैनिक निरोगी राहायचा तर शेजारच्या बाजाराचे पाणी आणि गावाची स्वच्छता यांकडे पाहणे भाग होते. त्या ओघात रयत सरकारच्या नजरेत आली. या अधिकाऱ्याच्या हाती पैसा थोडा आणि हुकूम चालवण्याचा अधिकार त्याहून थोडा असे. तो दौरे काढी, अहवाल लिही आणि नगरपालिकांना शिफारशी पाठवी. त्या शिफारशी मानायच्या की नाही हे नगरपालिकेच्या तिजोरीवर अवलंबून राही.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार १९२१ पासून आरोग्य हा विषय प्रांतिक मंत्र्यांकडे सोपवण्यात आला. आज आरोग्य हा राज्यांचा विषय मानला जातो, त्याचे मूळ या सोपवणुकीत सापडते. मात्र याच सुधारणांत जमाबंदी आणि वित्त ही खाती गव्हर्नरच्या राखीव बाजूला ठेवली गेली होती. त्यामुळे आरोग्यमंत्र्याजवळ जबाबदारी आली, पैसा आला नाही. सॅनिटरी कमिशनरच्या जागी डायरेक्टर ऑफ पब्लिक हेल्थ हे पद आले आणि त्याची कचेरी पुण्यात राहिली. मुंबईत सर्जन जनरल, पुण्यात डायरेक्टर आणि जिल्ह्यात दोघांचे वेगवेगळे हस्तक, असा हा कारभार होता. हिवतापाचा रोगी दवाखान्यात आला की तो एका खात्याचा, आणि त्याच्या घराशेजारचे डबके दुसऱ्या खात्याचे.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ च्या अहवालात या दुफळीवर बोट ठेवले. उपचार आणि प्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेकडे असावीत आणि खेड्यात त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, अशी तिची मुख्य शिफारस होती. पहिल्या टप्प्यात सुमारे ४०,००० लोकवस्तीमागे एक केंद्र तिने सुचवले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाल्यावर विकास गटागणिक अशी केंद्रे निघू लागली, परंतु वरची दोन कार्यालये दोनच राहिली. त्यातच १९५६ मध्ये मध्य प्रांतातून आलेला विदर्भ आणि हैदराबाद संस्थानातून आलेला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. म्हणजे तीन निरनिराळ्या राजवटींत घडलेले नोकरवर्ग, त्यांच्या पदनामांसह, एका सेवेत बसवावे लागले. हे काम किती किचकट असते, ते ज्येष्ठता यादीवरून कचेरीत झालेले वाद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर दोन निर्णय झाले आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दोहोंत आहे. पहिला निर्णय पंचायत राज्याचा. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा, तो अमलात आला १ मे १९६२ रोजी. त्यानुसार ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य सेवा जिल्हा परिषदांकडे गेली. दुसरा निर्णय १९७० चा. त्या वर्षी सर्जन जनरल आणि डायरेक्टर ऑफ पब्लिक हेल्थ यांची जुनी घडी मोडून उपचार आणि प्रतिबंध या दोन्हींसाठी एकच आरोग्य सेवा संचालनालय करण्यात आले, आणि त्याच वेळी वैद्यकीय महाविद्यालये व त्यांची रुग्णालये वेगळ्या संचालनालयाकडे देण्यात आली. भोर समितीने सुचवलेली एकजूट महाराष्ट्रात अशी चोवीस वर्षांनी झाली, आणि होता होताच शिकवणारी मोठी रुग्णालये तिच्यातून बाहेर पडली. पुढे शिक्षणाच्या बाजूला मंत्रालयातही स्वतंत्र विभाग मिळाला.

माझ्या मते १९६२ चा निर्णय तत्त्वतः योग्य होता. गावच्या आरोग्य केंद्राला औषध नाही म्हणून जाब विचारायचा तर तो गावाने निवडून दिलेल्या सदस्याला विचारता यावा, हे रास्तच आहे. अडचण येते ती रोगी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पाठवताना, कारण प्राथमिक केंद्रातील डॉक्टरचा वरिष्ठ जिल्हा परिषदेत बसतो आणि ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरचा सिव्हिलमध्ये. या दोन्ही शाखांचा सांधा परिमंडळाच्या उपसंचालकांपाशी जुळतो. ठाणे परिमंडळात ठाणे, पालघर आणि रायगड हे जिल्हे येतात.

प्रश्न : माझे पणजोबा ठाणे जिल्ह्यात ‘देवी डॉक्टर’ होते, असे घरात सांगतात. ते खरोखर डॉक्टर होते का, कोणत्या खात्यात होते, आणि त्यांची माहिती आता कोठे मिळू शकेल? (एक सेवानिवृत्त शिक्षिका, वाशी)

आपले पणजोबा पदवीधर डॉक्टर असण्याचा संभव कमी आहे. गावोगाव फिरून देवी काढणाऱ्या, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणाऱ्या, सरकारी कर्मचाऱ्याचे पद व्हॅक्सिनेटर असे होते. त्याला टोचण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे शिक्षण दिलेले असे. लोक आदराने त्याला डॉक्टर म्हणत. आरोग्य खात्याचा जो नोकर खेड्यातल्या माणसाला प्रत्यक्ष दिसे तो बहुधा हाच होता, आणि म्हणून खात्याच्या इतिहासात त्याला जेवढी जागा मिळते तिच्याहून पुष्कळ अधिक मिळायला हवी.

हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. लस बगदाद आणि बसरा या मार्गाने आली होती. ती जिवंत ठेवण्याचा त्या काळी एकच खात्रीचा उपाय होता : एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा. त्यामुळे फोड भरलेल्या मुलाला पुढच्या गावी घेऊन जावे लागे, आणि आईबाप त्याला सहजी तयार होत नसत. कोणत्या जातीच्या मुलाचा द्रव कोणाला टोचला यावरून होणारी कुरबूर, फोड पुन्हा फोडल्याने मुलाला होणारा त्रास, आणि देवीचा कोप ओढवण्याची भीती, या सर्वांना तोंड देत व्हॅक्सिनेटरला दिवस काढावे लागत. पुढे वासरांवर लस तयार करण्याची पद्धत आली आणि मुलांना गावोगाव नेण्याची गरज संपली. मुंबई इलाख्यासाठी ही लस बेळगावच्या संस्थेत तयार होई.

सक्तीचा कायदा मुंबई शहरात १८७७ मध्ये आला. १८८० च्या कायद्याने नगरपालिका आणि छावण्यांनाही तशी सक्ती लागू करता येऊ लागली. खेड्यापाड्यांत मात्र काम बरेचसे समजुतीनेच चाले. ठाणे जिल्ह्यापुरता विचार केला तर खाडीकाठची आगरी-कोळी गावे, घाटाच्या पायथ्याचे ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे आणि वारली वस्ती ही सर्व एका माणसाने पायी पालथी घालायची, आणि पावसाळ्यात भातखाचरांतून वाट काढणे अशक्य म्हणून टोचणीचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यात उरकायचा, असे हे काम होते. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हा जुना वर्गच त्याचा कणा ठरला. शेवटच्या टप्प्यात देवीचा रोगी कळवणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले, ते वाढत वाढत १,००० रुपयांपर्यंत गेले, आणि गावोगावच्या भिंतींवर तशा जाहिराती रंगवल्या गेल्या. देशातील अखेरचा रोगी मे १९७५ मध्ये आढळला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. व्हॅक्सिनेटरांचे पद मावळले आणि त्यांपैकी पुष्कळांना आरोग्य सेवक म्हणून सामावून घेण्यात आले.

माहिती शोधायची असेल तर राज्य पुराभिलेख विभागाच्या मुंबई आणि पुणे येथील कार्यालयांत सॅनिटरी कमिशनरचे वार्षिक अहवाल पाहावेत. त्यांत जिल्हावार टोचणीचे तक्ते असतात. कनिष्ठ कर्मचाऱ्यांची नावे क्वचितच असतात. नेमणूक आणि निवृत्तिवेतनाचे कागद घरातील जुन्या पेटीत सापडण्याची शक्यता जास्त. पणजोबांची जन्म किंवा मृत्यूची नोंद हवी असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागावा. गावकामगारांनी ठेवलेल्या या जुन्या नोंदवह्या अनेक तालुक्यांत अजून टिकून आहेत. त्यांतल्या कित्येक मोडीत आहेत, म्हणून मोडी वाचणारे कोणी सोबत असल्यास उत्तम.

प्रश्न : करोनाकाळातील आदेशांवर १८९७ च्या कायद्याचा उल्लेख होता. इतका जुना कायदा का वापरला जातो? प्लेगच्या काळात आपल्या भागात काय घडले होते? (एक वाचक, ऐरोली)

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. सरकारची पहिली प्रतिक्रिया कानाडोळा करण्याची होती आणि त्यानंतर अतिरेकाची. युरोपातील बंदरे हिंदुस्थानी मालाला बंद होतील, या भीतीने तेव्हाची राजधानी कलकत्त्यापासून लंडनपर्यंत घाई उडाली आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. मूळात तो अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला वाटतील ते तात्पुरते नियम करता येतात, आगगाडीचे व बोटीचे उतारू तपासता येतात, संशयितांना वेगळे ठेवता येते, नियम मोडणाऱ्यास शिक्षा होते आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही. लोकांना उपचार मिळावेत किंवा वेगळे ठेवलेल्या माणसाला अन्न मिळावे, याविषयी मूळ कायद्यात एक अक्षर नाही.

मुंबईतून लाखो लोक बाहेर पडले, आणि बाहेर पडण्याची मोठी वाट ठाण्यावरूनच जात होती. पुण्याकडचा आणि नाशिककडचा असे लोहमार्गाचे दोन फाटे कल्याणला फुटतात. म्हणून कल्याण हे उतारूंच्या तपासणीचे एक मुख्य ठाणे झाले. गाडीतून सर्वांना उतरवून त्यांच्या काखा आणि जांघा गाठींसाठी चाचपायच्या, ताप असेल त्याला वेगळे काढायचे, हा प्रकार बायकांच्या बाबतीत किती संतापजनक ठरला असेल, हे सांगण्याची गरज नाही. पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती घेण्यात आली आणि त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवधात झाली. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. पुण्याजवळ त्यांनी आणि डॉक्टर असलेल्या यशवंतरावांनी रोग्यांसाठी सोय केली होती. सक्तीच्या मार्गाने जे साधले नाही ते काही अंशी डॉ. हाफकिन यांच्या लसीने साधले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथे १८९९ मध्ये सुरू झालेली त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

हा कायदा टिकून राहण्याचे कारण असे की त्याच्या जागी बसेल असा दुसरा सर्वंकष कायदा आपल्याकडे झालाच नाही. मद्रास प्रांताने १९३९ मध्येच स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य कायदा करून पाणी, मैला, साथी, बालसंगोपन या सर्वांची जबाबदारी एका जागी बांधली. मुंबई प्रांतात नगरपालिका कायदे, ग्रामस्वच्छतेचे कायदे, लसीचे कायदे असे तुकड्यातुकड्यांनी काम चालले आणि पुढे महाराष्ट्रातही तेच चालू राहिले. मार्च २०२० मध्ये राज्याने १८९७ च्या कायद्याखाली कोविड-१९ चे नियम काढले आणि जिल्हाधिकारी व पालिका आयुक्तांना अधिकार दिले, ते याच कारणाने. त्याच वर्षी केंद्राने दुरुस्ती करून डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षा घातली. रोग्याच्या बाजूने मात्र काही भर पडली नाही, आणि ही त्रुटी मला मोठी वाटते.

प्रश्न : आमच्या मुरबाडकडच्या घरी लहानपणी मलेरियाचा माणूस येऊन भिंतीवर तारीख घालून जात असे. तो आता दिसत नाही. ते पद रद्द झाले का? (एक वाचक, कळवा)

पद रद्द झाले असे म्हणण्यापेक्षा ते दुसऱ्या पदात विरघळले असे म्हणावे. हिवतापविरोधी कामात मुंबई प्रांत देशात पुढे होता. १९४२ मध्ये येथे खास हिवताप संघटना उभी राहिली आणि तिचे प्रमुख डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास, तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या कारवार व धारवाड जिल्ह्यांत घरोघर डीडीटी फवारून उत्तम परिणाम दाखवले. त्या अनुभवाचा आधार १९५३ च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला मिळाला, आणि १९५८ मध्ये नियंत्रणाऐवजी थेट निर्मूलनाचे ध्येय ठेवण्यात आले. आपण पाहिलेला माणूस हा या निर्मूलन काळातला. त्याने दर पंधरा दिवसांनी घरी यायचे, ताप आलेल्याच्या बोटातून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि आपण येऊन गेल्याचा पुरावा म्हणून भिंतीवरच्या चौकटीत तारीख व सही करायची. तपासायला येणारा पर्यवेक्षक ती चौकट पाहूनच हजेरी ओळखत असे.

डासांनी डीडीटीला दाद देणे कमी केले, फवारणीत खंड पडले आणि सत्तरीच्या दशकात हिवताप पुन्हा उसळला. १९७७ पासून सुधारित योजना आली. तोवर १९७३ च्या कर्तारसिंग समितीने, देवीचा, हिवतापाचा आणि कुटुंब नियोजनाचा असे वेगवेगळे कर्मचारी एकाच घरी पाठवण्याऐवजी एकच बहुउद्देशीय कर्मचारी नेमावा, अशी शिफारस केली होती. तिच्यातून आजचे आरोग्य सेवक आणि आरोग्य सेविका ही पदे घडली. कल्पना शहाणपणाची होती. तिचे दुर्दैव असे की तिचा आरंभ आणीबाणीच्या आगेमागे झाला, आणि त्या काळात सर्व कामांवर एकच काम कुरघोडी करून बसले. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, हे बरेच झाले. पण नसबंदीच्या केसेसचे उद्दिष्ट पुरे केले की नाही, यावर कर्मचाऱ्याची किंमत ठरवण्याची सवय खात्यात पुढे बराच काळ राहिली, आणि लोक आरोग्य सेवकाला पाहून घराची मागची वाट धरू लागले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती आली, त्यानंतर घरोघरच्या भेटींचे ओझे बहुतांशी तिच्यावर आहे. पगार नव्हे, मोबदला, ही तिची स्थिती जुन्या व्हॅक्सिनेटरपेक्षाही कमकुवत म्हणावी लागेल, कारण तो निदान सरकारी नोकर तरी होता.

प्रश्न : ठाण्याचे मनोरुग्णालय शहराच्या मध्यावर असूनही महापालिकेचे का नाही? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

ते महापालिकेहून पुष्कळ जुने आहे. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने १९०१ मध्ये हे रुग्णालय सुरू झाले, तेव्हा ती जागा गावाबाहेरची होती. ठाणे महानगरपालिका १९८२ ची. मनोरुग्णालये पहिल्यापासून प्रांतिक सरकारच्या वैद्यकीय खात्याकडे होती, कारण रोगी एका गावचे नसून अनेक जिल्ह्यांतून येत आणि त्यांना दाखल करण्यासाठी न्यायाधीशांचा हुकूम लागे. आजही ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चारही प्रादेशिक मनोरुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची आहेत.

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो. नवी मुंबईत राज्य सरकारचे सिव्हिलसारखे मोठे रुग्णालय का नाही? सरकारी उपचार मोफत झाले असे ऐकले. ते आम्हाला लागू आहे का? (एक गृहिणी, खारघर)

सिव्हिल जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि नवी मुंबई हे जिल्ह्याचे ठिकाण नाही. शहराचा उत्तरेकडचा भाग ठाणे जिल्ह्यात असून ठाण्याचे सिव्हिल त्याचेच आहे. आपले खारघर रायगड जिल्ह्यात येते आणि रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली ती जमीन घेऊन शहर वसवण्यासाठी. रुग्णालयांसाठी भूखंड राखणे हे तिचे काम, ती कायमची चालवणे तिच्या प्रकृतीत नव्हते. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९९२ च्या आरंभी सुरू झाला, आणि वाशी, ऐरोली, नेरूळ येथील सार्वजनिक रुग्णालये तिच्याकडे आहेत. महानगरपालिका अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार दवाखाने चालवणे आणि लसीकरण करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य असल्याने, जेथे महापालिका आहे तेथे राज्याचे खाते सहसा हात आखडता घेते. खारघर तर नवी मुंबई महापालिकेतही नाही. २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महानगरपालिकेत आहे. आपल्याला जवळचे राज्य सरकारी रुग्णालय म्हणजे पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय. करोनाकाळात वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटा मांडाव्या लागल्या, त्यावरून या भागातील कायमच्या सार्वजनिक खाटा किती अपुऱ्या होत्या याची कल्पना यावी.

मोफत उपचारांचा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांसाठी आहे : प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये, जिल्हा रुग्णालये. म्हणून पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर, तपासण्या आणि उपचार यांसाठी पैसे लागू नयेत. महापालिकांची रुग्णालये आणि वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालये या निर्णयात आपोआप येत नाहीत. तेथील दर त्या त्या संस्थेच्या ठरावानुसार असतात आणि ते नोंदणी खिडकीपाशी विचारून घ्यावेत. मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाचे नाव आहे का, हे तेथील आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधीच पाहून घ्यावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवावे.